भाताच्या पानांवर तांबूस ठिपके : जस्त कमी पडले की लोह जास्त झाले?

डोंगरपायथा (डिचोली)

नमस्कार. आमचे भातशेत डिचोली तालुक्यात जांभ्या डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याचे दोन भाग पडतात. वरच्या कुणग्यांतील (शेताच्या बांधबंदिस्त तुकड्यांतील) पाणी पाऊस दोन दिवस उघडला तरी ओसरते. खालच्या कुणग्यांत मात्र डोंगरातून झिरपणारे पाणी सोरदीचा (पावसाळी भाताचा) पूर्ण हंगाम साचून राहते. दोन्हीकडे ज्योती हे भाताचे वाण आहे, तरवा (लावणीची रोपे) एकच होता आणि लावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकाच वेळी झाली. आता तीन आठवड्यांनंतर खालच्या कुणग्यांतील पिकाची वाढ खुंटल्यासारखी दिसते. जुन्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके आले असून ते शेंड्याकडून बुडाकडे पसरत आहेत, फुटवे कमी आहेत, पाण्यावर तांबूस तवंग आहे, आणि एक रोप उपटून पाहिले तेव्हा मुळे विटकरी रंगाची निघाली. वरच्या कुणग्यांतही पीक सर्वत्र सारखे नाही. तेथे मधूनमधून रोपे खुजी आहेत, पण मुळे पांढरी आहेत आणि कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी फिकट पडलेली दिसते.

उन्हाळ्यात केलेल्या माती परीक्षणाची पत्रिका माझ्याकडे आहे. तिच्यात सामू (पीएच) ५.२ असून जस्त ०.४८, लोह ७४ आणि बोरॉन ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. पालाश (पोटॅश) कमी दाखवले आहे. नमुना संपूर्ण शेताचा मिळून एकच घेतलेला होता.

दुकानात विचारले असता लोह, जस्त, मँगनीज, तांबे व बोरॉन एकत्र असलेले मिश्र द्रवखत दोनदा फवारावे, असे सांगण्यात आले. पत्रिकेत जस्त आणि बोरॉन कमी असल्यामुळे ते योग्यही वाटते. परंतु लोह आधीच इतके असताना पुन्हा लोह असलेले खत का द्यावे, हे मला पटत नाही. दोन्ही भागांना एकच उपाय चालेल का, आणि फुटव्यांचा काळ संपण्याआधी नेमके काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त कृषिसेवक (फोंडा)

तुमची शंका रास्त आहे. मिश्र खत तूर्त घेऊ नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून शेतात दोन वेगवेगळ्या व्याधी आहेत, आणि दुरून पाहणाऱ्याला दोन्हींचा रंग सारखाच दिसतो.

खालच्या कुणग्यांतील लक्षणे लोहाच्या अतिरेकाची आहेत. जांभ्या मातीत लोह भरपूर असते, परंतु जमिनीत हवा खेळती असते तोपर्यंत ते न विरघळणाऱ्या रूपात राहते आणि पिकाला त्याचा उपद्रव होत नाही. पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, सूक्ष्मजीव त्या लोहाचे क्षपण (गंजण्याच्या उलट क्रिया) करतात आणि ते पाण्यात विरघळणाऱ्या फेरस रूपात येते. पायथ्याच्या शेताला याशिवाय डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर वरून नवे लोह मिळत राहते. म्हणूनच एकाच मालकाच्या दोन कुणग्यांत एवढा फरक पडतो. भाताची मुळे आपल्याभोवती प्राणवायू सोडून लोहाचा गंज बाहेरच्या बाहेर बसवतात, तोच तुम्हाला दिसलेला विटकरी थर. थर जाड झाला की मुळांना इतर अन्नद्रव्ये घेणे कठीण जाते, आणि पालाशाची उणीव असलेल्या पिकात मुळांची ही बचावाची ताकदच घटते. तुमच्या पत्रिकेतील ‘पालाश कमी’ ही नोंद मला त्यामुळे जस्ताच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

पाण्यावरील तवंग तेलाचा आहे की लोहाचा, हे काडीने पाहता येते. काडी फिरवल्यावर तवंगाचे पापुद्र्यासारखे तुकडे झाले आणि ते वेगवेगळेच राहिले तर तो लोहाचा. तेलाचा तवंग लगेच पुन्हा जुळून येतो.

वरच्या भागातील लक्षणे जस्ताच्या उणिवेशी जुळतात. भातातील ही उणीव आपल्या देशात ‘खैरा’ या नावाने ओळखली जाते. पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली ती जस्ताअभावी होते हे दाखवून दिले, तोपर्यंत तो रोग समजला जात असे. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत ती उघड होते, कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी पांढरट पडते, जुन्या पानांवर गंजासारखे डाग येतात आणि शेतात खुज्या रोपांचे पट्टे दिसू लागतात. डीटीपीए पद्धतीच्या (त्या रसायनाने मातीतील जस्त, लोह विरघळवून मोजण्याच्या) परीक्षणात ०.६ मिलिग्रॅमच्या खालची माती जस्ताच्या बाबतीत उणी धरली जाते, तेव्हा तुमचा ०.४८ हा आकडा पिकाच्या लक्षणांना पूरक आहे.

लोहाच्या आकड्याबद्दल मात्र एक खुलासा केला पाहिजे. ही डीटीपीए पद्धत मुळात उदासीन आणि चुनखडीयुक्त जमिनींसाठी बसवलेली आहे, आणि नमुना कोरड्या मातीचा असतो. चिखलात, पाण्याखाली, सहा आठवड्यांनी त्या मातीत किती लोह विरघळेल हे पत्रिका सांगत नाही. लोहाचा अतिरेक पिकाकडे, मुळांकडे आणि पाण्याच्या वाटेकडे पाहूनच ओळखावा लागतो.

आता उपाय. खालच्या कुणग्यांचे पाणी पावसाची उघडीप पाहून काढून टाका आणि आठवडा ते दहा दिवस माती वाफशाकडे येऊ द्या. भेगा पडेपर्यंत वाळवू नका. हवा आत शिरली की विरघळलेले लोह पुन्हा न विरघळणारे होते आणि मुळे नवी फुटतात. पाणी नुसते काढून भागणार नाही, कारण डोंगराचा पाझर चालूच राहील. म्हणून डोंगराकडच्या मेरेला (बांधाला) लागून एक चर खणून तो पाझर शेतात येण्याआधीच व्हाळाकडे (ओढ्याकडे) वळवा. हे काम मेहनतीचे आहे, पण पायथ्याच्या शेतात मी पाहिलेल्या सर्व उपायांत टिकाऊ ठरलेला उपाय हाच आहे. पाणी काढलेले असताना युरिया टाकू नका. पुन्हा हलके पाणी घेताना नत्राचा हप्ता द्या आणि त्याबरोबर म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशाच्या खताचाही हप्ता द्या. मात्रा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयातून पत्रिका दाखवून ठरवून घ्या.

वरच्या भागात उभ्या पिकाला जस्ताची फवारणी करा. प्रमाण ०.५ टक्के जस्त सल्फेट आणि त्याच्या निम्मा विरलेला चुना असे आहे. हजार चौरस मीटरला साधारण ५० लिटर द्रावण लागते. त्यासाठी २५० ग्रॅम जस्त सल्फेट आणि १२५ ग्रॅम चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, चुन्याची निवळी गाळून घ्या आणि मग दोन्ही एकत्र करा. चुना न घालता केलेल्या फवारणीने पाने करपतात. पाने सुकलेली असावीत आणि पुढील काही तास पाऊस नसावा, ही अट गोव्याच्या जुलैत पाळणे अवघड असले तरी तिच्याशिवाय फवारणी वाया जाते. दहा ते पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारा. तणनाशकासाठी वापरलेला पंप असेल तर तो अत्यंत काळजीपूर्वक धुऊन घ्या.

चोडणचे खाजन (तिसवाडी)

वरील उत्तर डोंगराकडच्या शेतांसाठी उत्तम आहे. त्यात बोरॉनचा विषय राहिला आहे, आणि तो खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतील) शेतकऱ्यांच्या दृष्टीने मांडणे मला आवश्यक वाटते, कारण डिचोलीला दिलेला सल्ला वाचून कोणी तो नदीकाठी जसाच्या तसा वापरू नये.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे साडेचार मिलिग्रॅम बोरॉन असते. मानशीतून (बांधातील पाण्याच्या दारातून) भरतीचे खारे पाणी ज्या जमिनीत वर्षानुवर्षे येत-जात राहिले, तेथे बोरॉनची आणि गंधकाची उणीव सहसा आढळत नाही. डोंगरउतारावर मुसळधार पावसाने बोरॉन धुऊन जाते, म्हणून तेथे ते कमी दिसते. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांच्यात अंतर फार थोडे असते. खाजनात वरून बोरॅक्स टाकणे म्हणजे पैसे देऊन पीक करपवणे. आमच्याकडे बोरॉन असलेली मिश्र खते सर्रास फवारली जातात, आणि हे थांबावे असे मला मनापासून वाटते.

खाजनात काळजी जस्ताची घ्यावी लागते. येथे माती खोलवर काळी असते, पाण्याखाली तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि तो वास देणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जस्ताला अविद्राव्य करून टाकतो. मुळे काळी पडतात. अशा मातीत न कुजलेले शेण किंवा हिरवा पाला चिखलात गाडला तर प्राणवायू आणखी लवकर संपतो आणि त्रास वाढतो. सेंद्रिय खत पूर्ण कुजवूनच द्यावे, हा नियम खाजनात सर्वांत कडक पाळावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. जूनमध्ये पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून, मीठ त्यात उतरवून, ओहोटीला मानशीतून ते बाहेर सोडायचे, असे आम्ही अनेकदा करतो. या धुण्याच्या काळात टाकलेले कोणतेही विद्राव्य खत त्याच पाण्याबरोबर नदीत जाते. मीठ उतरले, मोड आलेले बी रुजले आणि मानशीची फळी बंद झाली, की मगच जस्त सल्फेट द्यावे. जस्त दिल्याने खारेपण कमी होत नाही, हेही लक्षात ठेवावे. खारेपणासाठी बांध, मानस आणि योग्य वाण हेच उपाय आहेत. कोरगुट हा खारेपणा सोसणारा स्थानिक भात आपल्या पूर्वजांनी त्यासाठीच जपला, आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ या नावाने प्रसारित केलेले खारेपणा सोसणारे वाणही आज उपलब्ध आहेत.

डोंगरपायथा (डिचोली)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काडी फिरवून पाहिली. तवंगाचे तुकडे झाले आणि ते जुळले नाहीत. खालच्या कुणग्यांचे पाणी आजच फोडले आहे आणि चराची आखणी केली आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. सामू ५.२ असल्यामुळे पुढील वर्षी चुना टाकावा, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. तो जस्ताला बाधक ठरेल का? आणि माझ्या वरच्या भागातील बोरॉन खरोखरच कमी असेल तर ते भाताला द्यावे की नाही?

साळावली कालवा (सांगे)

चुन्याविषयी मी लिहितो, कारण आमच्याकडे सोरद आणि वायंगण (पावसाळ्यानंतर पाणी देऊन घेतलेले भात) ही दोन्ही पिके होतात आणि एकाच मातीचे दोन हंगामांतील वागणे पाहायला मिळते.

आम्लधर्मी जमिनीत पाणी साचले की काही आठवड्यांत तिचा सामू आपोआप वाढून साडेसहाच्या आसपास येतो. ज्या क्षपणाने लोह विरघळते त्याच क्रियेत आम्लता खर्च होते. त्यामुळे चिखलणी करून लावलेल्या भाताला चुन्याची गरज कोरड्या जमिनीतील पिकाइतकी नसते. ज्या शेतात भातानंतर चवळी, अळसांदे किंवा भाजीपाला घ्यायचा आहे तेथे चुन्याचा लाभ अधिक होतो. तरीही खालच्या कुणग्यांत लोहाचा जोर असल्यामुळे वडीलधाऱ्यांचे म्हणणे मी चुकीचे म्हणणार नाही. लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे आधी, थोड्या प्रमाणात आणि शेणखतापासून वेगळा चुना तेथे उपयोगी पडू शकतो. वरच्या कुणग्यांत मात्र मी तो टाळेन, कारण सामू वाढला की जस्ताची उपलब्धता घटते आणि तेथील अडचण नेमकी जस्ताचीच आहे.

चुन्यापेक्षा स्वस्त आणि आपल्या गावात सहज मिळणारी एक वस्तू म्हणजे तुसाची राख. उकडे तांदूळ करणाऱ्या गिरण्यांवर ती पडून असते. तिच्यात सिलिका भरपूर आणि पालाश थोडे असते. सिलिकामुळे मुळांची लोह बाहेर रोखण्याची क्षमता वाढते आणि पाने ताठ राहतात. माझ्या मते लोहाने त्रासलेल्या शेतात ती दरवर्षी चिखलणीपूर्वी मिसळावी.

वायंगणाचे पाणी तुमच्या हाती असेल तर दुरुस्तीसाठी तोच हंगाम उत्तम. पावसाळ्यात कुणगा कोरडा करणे आभाळावर अवलंबून असते. कालव्याच्या पाण्यावर आळीपाळीने पाणी देणे आणि तोडणे शक्य होते, आणि त्याने लोहाचा त्रास आणि जस्ताची अडवणूक दोन्ही कमी होतात. कायम पाण्याखाली राहणाऱ्या शेतात जस्त मातीत असूनही पिकाला मिळत नाही.

निवृत्त कृषिसेवक (फोंडा)

चुन्याविषयीचे मत मला पूर्ण मान्य आहे. बोरॉनबद्दल सांगतो. भात हे गवतवर्गीय पीक आहे आणि त्याची बोरॉनची गरज नारळ, काजू किंवा भाजीपाल्यापेक्षा बरीच कमी असते. तुमचा आकडा ०.५ या सीमारेषेच्या खाली आहे हे खरे, परंतु पत्रिका एकत्रित नमुन्याची आहे आणि पिकावर बोरॉनच्या उणिवेची खूण, म्हणजे कोवळ्या पानांचे शेंडे पांढरे होऊन गुंडाळणे, तुम्ही नोंदवलेली नाही. लोंबीत पोचट दाणे गेली काही वर्षे जास्त येत असतील आणि त्याला पाऊस, कीड किंवा पाण्याचा ताण हे कारण नसेल, तरच वरच्या एका कुणग्यात, फुलोऱ्यापूर्वी, लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात बोरॅक्सची एक फवारणी करून पाहा आणि शेजारचा कुणगा तुलनेसाठी तसाच ठेवा. फरक दिसला तर पुढे विचार करता येईल.

पुढील सोरदीला जस्त जमिनीतून द्या, ते फवारणीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहे. हेक्टरी २५ किलो, म्हणजे हजार चौरस मीटरला अडीच किलो जस्त सल्फेट पुरते. हे प्रमाण २१ टक्के जस्त असलेल्या हेप्टाहायड्रेट प्रकाराचे आहे. ३३ टक्क्यांचा मोनोहायड्रेट मिळाला तर सुमारे १.६ किलो पुरे. कोरड्या मातीत किंवा कुजलेल्या शेणखतात मिसळून शेवटच्या चिखलणीनंतर पृष्ठभागावर सारखे पसरा, खोल गाडू नका. एकदा दिल्यावर त्याचा परिणाम पुढील पिकांनाही मिळतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी पुन्हा परीक्षण करूनच पुढचा हप्ता ठरवावा. दरवर्षी देत राहण्याचे कारण नाही.

सुपर फॉस्फेट किंवा डीएपी ही स्फुरदाची (फॉस्फरसची) खते जस्ताबरोबर कधीही मिसळू नका, दोन्हींत काही दिवसांचे अंतर ठेवा. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की न विरघळणारे जस्त फॉस्फेट तयार होते. याच गुणाचा उपयोग खत पारखण्यासाठी होतो. जस्त सल्फेटच्या नावाने मॅग्नेशियम सल्फेट विकले जाण्याचे प्रकार घडतात, आणि दोन्हींचे खडे सारखे दिसतात. थोडे डीएपी पाण्यात विरघळवून निवळी घ्या आणि तिच्यात तुमच्या खताचे द्रावण ओता. दाट साका जमला तर जस्त आहे, मॅग्नेशियम सल्फेटने तसा साका जमत नाही. ही पारख घरगुती आहे. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा.

चोडणचे खाजन (तिसवाडी)

नमुन्याबद्दल थोडे सांगतो. पुढील वर्षी दोन्ही भागांचे नमुने स्वतंत्र घ्या, एप्रिल-मे महिन्यांत, खत किंवा राख टाकण्याआधी. प्रत्येक भागात नागमोडी फिरून आठ-दहा जागी १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. मेर, शेणखताचा ढीग आणि झाडाची सावली टाळावी. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या परीक्षणासाठी गंजलेले फावडे आणि जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी बादली वापरू नये, कारण त्यांतून आलेला कणभर अंशही आकडा बदलून टाकतो. लाकडी खुंटी किंवा स्वच्छ स्टेनलेस स्टीलचे खुरपे आणि प्लॅस्टिकचे घमेले घ्यावे. खताच्या रिकाम्या पिशवीत माती भरून नेऊ नये. उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी आणि चिठ्ठीवर ‘वरचा भाग’, ‘खालचा भाग, पाझराचा’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे पत्रिका वाचणाऱ्या अधिकाऱ्याला शेत न पाहताही त्यातील फरक कळेल.

डोंगरपायथा (डिचोली)

सर्वांचा ऋणी आहे. वरच्या भागात उघडीप मिळताच जस्ताची फवारणी करतो, एक कुणगा तुलनेसाठी न फवारता ठेवतो, आणि मिश्र खत घेत नाही. खालच्या कुणग्यांत नवी मुळे पांढरी फुटू लागली की नत्र व पालाशाचा हप्ता देऊन येथे कळवीन.